दोन ठिपके आणि एक आकडा

३ मार्च
आज सुनेने मला ब्लॉग उघडून दिला. ब्लॉग म्हणजे काय ते तिने तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी हो म्हटलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "आई, असं समजा, एक वही आहे आणि ती आपण दाराबाहेर टांगली आहे. येणारा-जाणारा वाचेल." मग लगेच कळलं. पण दाराबाहेर टांगायच्या वहीत मनातलं सगळं कसं लिहिणार, म्हणून ही दुसरी. ही माझ्या गादीखाली असते.

कशासाठी ब्लॉग, तर माझं पुस्तक आहे. हे वाक्य लिहायला मला फार आवडतं, म्हणून परत लिहिते. माझं पुस्तक आहे. चौथीतून शाळा सुटलेल्या बाईचं. नाव 'डागांचं पुस्तक'. अडतीस वर्षं लाँड्री चालवली, आधी ह्यांच्याबरोबर, मग ह्यांच्यामागे एकटीने. गेल्या वर्षी गुडघ्यांनी नाही म्हटलं तेव्हा बंद केली. कुठला डाग कशाने जातो ते सगळं मी सांगितलं आणि सुनेने सुटीच्या दिवशी बसून लिहून घेतलं. मी सांगायची भाजीच्या डागाचं आणि मध्येच निघायची माझी नणंद. नणंदेला तिने पुस्तकातून काढून टाकलं. बरंच झालं म्हणा.

छापखानेवाल्याने दोनशे प्रती दिल्या. पंधरा नातेवाइकांत गेल्या. एकीकडे मी पाहिलं, गरम पातेलं ठेवलं होतं माझ्या पुस्तकावर. उरलेल्या एकशे पंच्याऐंशी खोक्यांत आहेत, काही पलंगाखाली, काही दारामागे. त्यामुळे दार पूर्ण उघडत नाही आणि सून आडवी होऊन आत येते.

मुलाची बदली झाली आहे. अठ्ठावीस तारखेला ट्रक येणार. नवं घर एका खोलीने लहान. मुलगा म्हणाला, "आई, खोकी तिकडे नाही गं नेता येणार. सत्तावीसपर्यंत खपतील तेवढी खपव. उरली तर रद्दीत देऊ." एक बूट काढून झाला होता त्याचा. दुसरा पायात असतानाच खुर्चीत डोळा लागला. मी काढायला गेले तर म्हणाला, राहू दे, परत जायचंय.

रद्दीत. पण पंचवीस दिवस म्हणजे पुष्कळ झाले. पंचवीस दिवसांत मी एकटीने अख्ख्या वसतिगृहाच्या चादरी धुऊन काढल्या आहेत.

५ मार्च
फोनला तोंडाने सांगितलं की तो लिहितो. मी सांगितलं, "चुन्याचा डाग लवकर जात नाही." त्याने लिहिलं, "सुनेचा राग लवकर जात नाही." सून संध्याकाळी कामावरून आली तोवर ते तसंच दाराबाहेर टांगलेलं. चौघांनी आवडलं म्हणून खूण केली होती. सून वाचून इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली, आणि मग तशीच बसून राहिली, उठलीच नाही. थकते बिचारी. आता एका बोटाने टाइप करते मी. एक ओळ झाली की हात झटकायचा.

८ मार्च
लोक विचारतात. मला वाटलं नव्हतं इतके विचारतात. एकीने लिहिलं, मुलीच्या गणवेशावर शाई सांडली, काय करू. लाँड्रीत डाग आला की तीन प्रश्न विचारायचे. कापड कुठलं, डाग केव्हाचा, आणि तुम्ही घरी आधी काय काय लावून ठेवलंत. तिसऱ्या प्रश्नाला सगळे खोटं बोलतात. हिने मात्र खरं सांगितलं. मग मीही तिला शाईचं अख्खं पान सांगितलं, सुरुवातीपासून. दोन तास लागले, मान धरली. आज तिने लिहिलं, "थँक्यू आजी, डाग गेला."

सून म्हणाली, "पुस्तक घेतलं का तिने?"

"ते कशाला घेईल? डाग गेला ना."

सुनेने कपाळाला हात लावला. "आई, असं सांगायचं की पान सत्तावन्न पाहा."

"अगं, समोर डाग घेऊन माणूस उभा आहे आणि मी त्याला म्हणू, जा, पान पाहा?"

१२ मार्च
नऊ दिवसांत सात पुस्तकं. त्यातलं एक छापखानेवाल्याने स्वतः घेतलं.

पाठ दुखते, डोळ्यांत पाणी येतं. कमरेला शेक घेतला. सुनेने सामान बांधायला घेतलं आहे. ती दुपारी जेवणाच्या सुटीत घरी येते, दोन भांडी कागदात गुंडाळते आणि परत जाते. आज मला म्हणाली, "आई, डाग कसा काढायचा ते नका सांगू. ते पुस्तकात राहू दे. तुम्ही गोष्ट सांगा. डाग कुणाचा, कसा पडला. लोक गोष्टीसाठी येतील आणि डागासाठी पुस्तक घेतील."

डोकं आहे तिला. मी मुलाला सांगितलं तसं. तो म्हणाला, हो का, आणि पेटीला दोरी बांधत राहिला.

१३ मार्च
आज गोष्ट लिहिली. सकाळी बसले ती दुपार करून उठले.

आधी खुणांचं सांगावं लागलं. आमच्या धंद्यात प्रत्येक घराची एक खूण असते. कॉलरच्या आत, न जाणाऱ्या शाईने. कुणाची तीन रेघा, कुणाचा त्रिकोण. मला नावं कधीच राहिली नाहीत, खुणा राहतात. रस्त्यात कुणी भेटलं की मनात येतं, अगंबाई, त्रिकोण म्हातारा झाला. सासूबाई पहिल्या दिवशीच बजावून गेल्या होत्या, गिऱ्हाइकाचं नाव आणि गिऱ्हाइकाचा डाग एका तोंडाने घ्यायचा नाही. मी अडतीस वर्षं पाळलं. पुस्तकातही एक नाव नाही. सगळीकडे खुणा. छापखानेवाल्याने काय सुबक काढल्यात.

गोष्ट लिहिली आकडेसाहेबांची. दोन ठिपके आणि एक आकडा, कपडे अडकवायचा असतो तसला, अशी त्यांची खूण, म्हणून मी आपली मनात त्यांना आकडेसाहेब म्हणते. त्यांची कचेरी बंद पडली होती. घरी सांगायचं धैर्य झालं नाही. रोज सकाळी पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून घरून निघायचे, आमच्या दुकानात मागे इस्त्रीच्या टेबलाआड कपडे बदलायचे आणि लोखंडी खिडक्यांना रंग मारायच्या कामावर जायचे. संध्याकाळी येऊन हात धुऊन पुन्हा पांढरा शर्ट. दोन वर्षं. एक दिवस बाहीला हिरवा ऑइलपेंट लागला तर तो माणूस बाही मुठीत लपवून उभा राहिला. ह्यांनी टर्पेंटाइन लावून, खाली फडकं घेऊन, उलट्या बाजूने टिपून तासाभरात काढून दिला. साहेब रोज जाताना एकच म्हणायचे, "वहिनी, हिला सांगू नका." पुढे दुसरी कचेरी मिळाली आणि मागे जाणं थांबलं. कपडे मात्र आमच्याकडेच टाकत राहिले.

असा माणूस. लिहिताना मलाच भरून आलं. पुस्तकात हे पान अठ्ठावन्नवर आहे, पण तिथे सुनेने थोडक्यात उरकलंय. ब्लॉगवर मी मन भरून लिहिलं.

१५ मार्च
दोन दिवसांत बावीस पुस्तकं. बावीस.

लोक किती प्रेमाने वाचतात. एकीने विचारलं, "आजी, ते दोन ठिपके आडवे होते की उभे?" इतक्या बारकाईने कोण विचारतं? मी लिहिलं, आडवे गं बाळ, शेजारी शेजारी, आणि आकडा उजवीकडे वळलेला, छत्रीच्या मुठीसारखा. तिने विचारलं, दुकान कुठे होतं. मी तेही सांगितलं. शाळेसमोर, पाण्याच्या टाकीखाली. पुढे तिने काही लिहिलं नाही. कामात असेल.

१८ मार्च
एकोणसाठ झाली. लेकरं मोजावीत तशी मी पुस्तकं मोजते. दारामागची खोकी संपली. आज दार पूर्ण उघडलं तरी सून नेहमीसारखी आडवीच आली.

सगळ्यांना खुणांचंच वेड लागलंय. एक लिहितो, आमच्या घराला चौकोनात फुली होती, आमचं आहे का पुस्तकात? मी लिहिलं, आहे तर, पान तेहेतीस. आता शिकले मी पान सांगायला. त्याने त्या दिवशीच पुस्तक मागवलं, आणि त्याच्या भावाने वेगळं. तीन रेघावालीने दोन मागवली. एकाने लिहिलं, आज आमच्याकडे सगळे कपाट उघडून कॉलरी बघत बसलेत. मला हसू आलं. दुकान बंद झालं तरी माझं काम घराघरांत अजून आहे.

पार्सलं बांधून सुनेची मनगटं सुजली आहेत. मी तिला मिठाच्या पाण्यात हात धरायला लावले. तिने विचारलं, "आई, ह्या खुणा लोकांना माहीत असतात का हो?"

म्हटलं, "छे गं. कॉलरच्या आत कोण बघतं? ती धंद्याची भाषा."

"नाही, ते बघताहेत ना आता."

मी पाणी बदलायला उठले, गार झालं होतं.

२१ मार्च
आज आकडेसाहेब आले.

मुलगा-सून कामावर. दार उघडलं तर समोर ते. काठी आली आहे हातात. म्हणाले, "वहिनी, ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं, आकडेसाहेब ना?" तोंडातून निघून गेलं. मी त्यांना असं म्हणते हे त्यांना कुठे ठाऊक.

"अच्छा. आकडेसाहेब होय मी." थोडे हसले. खुर्च्या बांधून झाल्या आहेत, म्हणून पुस्तकांच्या खोक्यावरच बसले. मी चहा केला. सवयीने साखर घातली, मग आठवलं, ते बिनसाखरेचा घ्यायचे. तसाच प्यायले.

कप ठेवून म्हणाले, "तुम्ही नाव लिहिलं नाहीत, हे मला मान्य आहे."

"कधीच नाही. आमचा नेम आहे तो."

तेव्हा त्यांनी मान खाली केली आणि शर्टाची कॉलर उलटी करून दाखवली. दोन ठिपके आणि आकडा. माझ्या हातचे. इतक्या धुण्यांनंतर जरासुद्धा पुसट नाही. खरं लिहिते, पहिल्यांदा मला कौतुकच वाटलं शाईचं.

"नाव तुम्ही इथे लिहिलंय, वहिनी. माझ्या प्रत्येक शर्टावर."

मी त्या खोलीत उभी होते आणि मला बसायला काही सापडेना.

मग त्यांनी सावकाश सांगितलं. त्यांची मुलगी परगावी असते, तिने ब्लॉग वाचला. ठिपके आडवे की उभे, ते तिनेच विचारलं. मग आईला फोन केला, बाबांची कॉलर बघ म्हणून. "हिने कपाटातले सगळे शर्ट काढून पलंगावर मांडले. एकेकाची कॉलर पाहिली. मग पुन्हा घड्या घालून ठेवून दिले. बोलली नाही. आज पाचवा दिवस."

"रागावल्यात का फार?"

"रंगाचं तिला काही नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. एकच वाक्य बोलली. म्हणाली, लाँड्रीवालीला माहीत होतं."

मी म्हटलं, "साहेब, मी आत्ताच्या आत्ता काढून टाकते ते."

"आता काढून काय करता. फक्त कुणी विचारलं तर आणखी सांगू नका. एवढंच सांगायला आलो." काठी टेकून उठले. मला भांडायला आले असते तर सोसलं असतं. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबत होते, ते ऐकू येत होतं.

२२ मार्च
सुनेला सगळं सांगितलं. तिने हातातला फोन खाली ठेवला. म्हणाली, "मीच म्हटलं तुम्हाला गोष्ट लिहा."

"गोष्ट तू म्हणालीस. खूण मी घातली."

"आई, आज एकोणीस जणांनी मागवलंय. असंच चाललं तर सत्तावीसपर्यंत एकही उरणार नाही. हवं तर तेवढी एक गोष्ट काढू."

मी म्हटलं, "पुस्तकात एकतीस खुणा आहेत. एकतीस घरं. परवा मी चौकोन-फुलीला पान काढून दिलं हाताने." कोण आहे चौकोन-फुली, ते आज आठवलं. म्हणजे खूण आठवत होती, पण त्यात काय लिहिलंय ते आठवलं. दोघा भावांनी वेगवेगळी प्रत का मागवली, तेही.

तिने त्या एकोणीस जणांना नाही म्हणून कळवलं. मग ब्लॉग बंद केला. उघडायला एक अख्खी दुपार लागली होती. बंद व्हायला बोट टेकवायचा अवकाश.

गेली ती नव्वद पुस्तकं कुणाकुणाच्या घरी आहेत. परत मागावीत का, विचारलं मी. सून म्हणाली, "मागितली तर जो वाचणार नव्हता तोही वाचेल." खरं आहे.

२३ मार्च
सून म्हणते, खुणांवर काळी शाई फासू, मग खपवू. एका प्रतीवर करून पाहिलं. पान उजेडाला धरलं की काळ्याखालून काळं दिसतं. अडतीस वर्षं डाग उजेडाला धरून पाहिलेत मी, मला कोण फसवणार. आणि खूण गेली तरी गोष्ट उरते. शाळेसमोरची लाँड्री म्हटल्यावर काय उरतं झाकायला.

मुलगा म्हणाला, "मग दे ना रद्दीत. मी काय वेगळं म्हणत होतो?"

"रद्दीतला कागद लोक वाचतात रे. पुडी सोडतात, आतलं खातात आणि कागद वाचतात. मी स्वतः वाचते."

तो दोरी बांधायचा थांबला. मग म्हणाला, "मग काय करायचं म्हणतेस?"

"भिजवते."

"पंच्याण्णव पुस्तकं?"

"चादरींपेक्षा हलकी आहेत."

२४ मार्च
न्हाणीत दोन बादल्या आणि जुना टब. पुस्तकाचं कव्हर काढायचं, शिलाई उसवायची, पानं सुटी करून गरम पाण्यात टाकायची. सोडा थोडा. पहिल्या दिवशी एकवीस झाली. छापाची शाई पाण्यात सुटत नाही. मला वाटलं होतं अक्षरं विरघळतील. तसं होत नाही. अक्षर शेवटपर्यंत धरून बसतं आणि त्याच्याखालचा कागदच जातो.

गुडघे वाकत नाहीत. स्टुलावर बसून करते.

२५ मार्च
सून आज अर्धा दिवस रजा काढून आली. मला वाटलं सामान बांधायला. न्हाणीच्या उंबऱ्यात बसली आणि शिलाया उसवायला लागली. तिने लिहून घेतलेलं पुस्तक. एकेका पानावर थांबायची. एकदा म्हणाली, "इथे तुमच्या नणंदबाई होत्या." मग दोघी हसलो. मग ती पुढच्या शिलाईला लागली आणि मीही हात चालवत राहिले.

माझी म्हणून एक प्रत ठेवली होती, कव्हरवर सुनेने माझं नाव मोठं घालून घेतलं होतं ना, ती. कव्हर ठेवलं. पानं टाकली.

२७ मार्च
सकाळी शेवटची बादली केली. लगदा पोत्यांत भरून मुलाने खाली नेऊन टाकला. जाताना म्हणाला, "आई, तू जरा पड." पण पलंग सुटा करून भिंतीला टेकवला आहे. कुठे पडणार.

दुपारी दार वाजलं. एक बाई, माझ्याच वयाच्या. चप्पल दाराशी नीट जोडून ठेवली. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अडतीस वर्षांत साहेबच यायचे कपडे घेऊन. त्या म्हणाल्या, "दोन ठिपके आणि आकडा."

मी म्हटलं, "या."

"ते पुस्तक पाहिजे मला. एक प्रत. अठ्ठावन्न पान असलेली."

"नाही हो उरली. एकही नाही." त्यांना वाटलं मी खपली म्हणते आहे. म्हणून न्हाणीत नेऊन दाखवलं. बादलीच्या कडेला लगदा चिकटला होता, त्यात अजून एकदोन अक्षरं दिसत होती. त्यांनी बोट लावून पाहिलं.

"सगळी?"

"हो."

"आणि कॉम्प्युटरवरचं?"

"तेही नाही."

"वा. लेकीने वाचलं, तिच्या सासरच्यांनी वाचलं, अख्ख्या गावाने वाचलं. मी वाचायला आले तर नाही." आवाज चढवला नाही त्यांनी. "मग तोंडाने सांगा."

मला सांगता आलं असतं. तोंडाशी आलंच होतं सगळं, पहिल्या सकाळपासून. पण म्हटलं, "बाई, ते तुम्ही साहेबांना विचारा. मी एकदा चुकले."

"विचारलं. काल विचारलं. समोर बसवून विचारलं. म्हणाले, माझ्याच्याने नाही सांगवत, तू वहिनींकडे जा." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "इथे बसायला काही नाही का?"

काही नव्हतं. आम्ही दोघी जमिनीवर बसलो, त्या भिंतीला टेकून, मी पाय लांब करून. त्यांनी एकेक विचारलं. मागच्या खोलीला खिडकी होती का. शर्ट कुठे टांगायचे. मधल्या सुटीत काही खायचे की तसेच राहायचे. हाताचा रंग कशाने काढायचे. माझं नाव कधी घ्यायचे का. कधी रडले का.

दिवे लागले तरी आम्ही बसलो होतो. मुलगा-सून आले, आम्हाला पाहून बाहेरच थांबले. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी दिलं, जसं आठवलं तसं, कमी नाही, जास्त नाही. काय दिलं ते इथे लिहीत नाही.